अठरा तासांची छडी

पांढरपेशाच्या पोराला आजार असतो. आमच्या पोराला अवगुण असतात.

त्यांचं पोर वर्गात एका जागी बसत नाही, वह्या हरवतं, मध्येच तोंड घालतं, रागाच्या भरात ताट भिरकावतं. त्याला डॉक्टरकडं नेतात. डॉक्टर लिहून देतो : एडीएचडी. मग समुपदेशक येतो, वेगळी शिकवणी येते, शाळेतल्या बाईंना समजावून सांगितलं जातं. आमचं पोर हेच करतं तेव्हा मास्तर म्हणतो मवाली. बाप म्हणतो वाया गेला. शेजारचा सभ्य माणूस म्हणतो, शेवटी जातीवर गेला. पोलीस नाव टिपून ठेवतो. आणि पोरगी असली तर ती धांदरट. दूध उतू गेलं की पाठीत लाटणं. ती दंगा करत नाही, नुसती हरवलेली असते, म्हणून तिच्याकडं कुणाचं ध्यानच जात नाही.

दोस्तांनो, दुखणं एकच, नावं दोन. नावं ठेवणारा कोण, ते बघा.

१९०२ साली लंडनच्या जॉर्ज स्टिल नावाच्या डॉक्टरनं अशा पोरांवर व्याख्यानं दिली. पोरांच्या बुद्धीत खोट नाही हे त्याला दिसत होतं. तरी त्यानं निकाल दिला : ह्यांच्या नैतिक ताब्यात खोट आहे. नीतीची खोट! त्याच इंग्रजानं इकडं १८७१च्या कायद्यानं अख्ख्या जमाती जन्मापासून गुन्हेगार ठरवल्या होत्या. तो कायदा १९५२ साली गेला. त्याची नजर मास्तरच्या खुर्चीत अजून बसलेली आहे.

अमेरिकेत काळ्यांचं तेच. ज्यांच्या पँथरवरून १९७२ साली मुंबईत आपली पँथर उभी राहिली, त्यांच्या पोरांचं बघा. २०१३ साली छापून आलेल्या अभ्यासात बालवाडीपासून आठवीपर्यंत पोरांचा माग ठेवला होता. वागणूक, घरची परिस्थिती सगळं जमेस धरलं, तरी काळ्या पोराला एडीएचडीचं निदान मिळण्याची शक्यता गोऱ्या पोरापेक्षा ६९ टक्क्यांनी कमी निघाली.

आता दुखणं काय ते सरळ सांगतो. २००७ साली अमेरिकेतल्या संशोधकांनी मेंदूची चित्रं घेऊन दाखवलं, की ह्या पोरांच्या मेंदूच्या वरच्या थराची वाढ सुमारे ३ वर्षं मागं चालते. सगळ्यात जास्त मागं राहतो तो पुढचा भाग, लगाम धरणारा. पोराला कळत असतं सगळं. कळलेलं वेळेवर हातून होत नाही. राग सगळ्यांनाच येतो. पण राग आणि हात ह्यांच्यामधी जी क्षणभराची फट लागते, ती ह्याला मिळत नाही. अर्थात उपाशी पोर, झोप न झालेलं पोर, रोज मार खाणारं पोरही असंच वागतं. म्हणून दिसेल त्याला शिक्का मारू नका. लक्षणं वयाच्या बाराव्या वर्षाआधी दिसायला लागतात, निदान सहा महिने टिकतात, घरी आणि शाळेत दोन्हीकडं दिसतात. ते डॉक्टरनं तपासायचं. गोळ्या आहेत, पुष्कळांना लागूही पडतात. पण त्या डॉक्टरच्या सल्ल्यानंच.

इथवर बाहेरच्यांना शिव्या दिल्या. आता घरातल्यांना.

दर जयंतीला विहारांत, कॉलेजांत सलग अठरा तास अभ्यास करायचा कार्यक्रम होतो. बाबासाहेबांना अभिवादन म्हणून. चांगली गोष्ट. पण जे पोर अठरा मिनिटं टिकत नाही, त्याच्या टाळक्यात आपलेच पुढारी हे अठरा तास हाणतात. ‘बाबासाहेब अठरा तास बसायचे, तुला तासभर बसवत नाही?’ पोर त्या दिवशी विहाराची पायरी सोडतं. बाबासाहेबांची छडी करायचा हक्क तुम्हाला दिला कुणी? बाबासाहेबांची जिद्द अफाट होतीच. पण १९१३ साली ते न्यूयॉर्कला गेले ते सयाजीरावांच्या शिष्यवृत्तीवर, आणि ते लंडनला शिकत होते तेव्हा इकडं परळच्या चाळीत रमाईनं संसार ओढला. डोंगराएवढ्या माणसालाही टेकू लागला. मग आमच्या पोरानं टेकू मागितला तर त्यात लाज कसली?

आणि हेच पुढारी मोर्च्यात मात्र ह्याच पोराला पुढं काढतात. तापट आहे, मागचापुढचा विचार करत नाही, दगड लांब फेकतो. पोर चॅप्टर केसमधी अडकलं की साहेबांचा फोन बंद. राग आमचा आहे आणि आम्हाला तो पाहिजे. पण ज्याचा लगाम पोराच्या हातात नाही, तो राग दुसऱ्याच्या निवडणुकीला जुंपला जातो.

मी गोदीत राबतो. तिथं एकट्याच्या ध्यानावर कुणी जहाज खाली करत नाही. टनावारी वजनाची पोलादाची कॉइल वर चढते, तेव्हा सिग्नलवाल्याचा हात हलल्याशिवाय क्रेन हलत नाही. मोजायला टॅली क्लार्क उभा. अख्खं जहाज डोक्यात ठेव असं कुणी सांगत नाही. समोरची एक स्लिंग लाव, मग पुढची. ह्याला कुणी कामगाराचा दुबळेपणा म्हणत नाही. कामाची रीतच ती. हीच रीत पोराला द्या.

‘अभ्यास कर’ म्हणू नका, ‘पहिली दोन गणितं कर’ म्हणा. दिवसाची चार कामं खडूनं भिंतीवर लिहा. झालेलं काम पोरानं स्वतः पुसायचं. घड्याळ लावून अठरा मिनिटं, मग नळावर पाणी भरायला, मग परत अठरा मिनिटं. शेजारी कुणीतरी आपलं काम घेऊन बसा. शिकवू नका, नुसतं बसा. चावी, पास, दप्तर, सगळं एकाच खिळ्याला. शाबासकी तिथल्या तिथं. वर्षाअखेरची सायकल ह्याला दिसतच नाही.

भडका उडालेला असताना भाषण देऊ नका, वरताण ओरडू तर नकाच. डोकं शांत असताना एक खूण ठरवा. खूण झाली की पोरानं गल्लीच्या टोकापर्यंत चालत जायचं. त्याला पळपुटा म्हणायचं नाही. परत आल्यावर विचारा : राग होता, लाज होती, की भूक? नाव सापडलं की हात आवरायला सोपा जातो. एकदा सांगून जमणार नाही. शंभरदा सांगावं लागेल.

पण दहा बाय दहाच्या खोलीत खडू कुठवर पुरणार? २००९च्या शिक्षणहक्क कायद्यानं शाळेतला मार आणि मानसिक छळ बंद केला, कागदावर. २०१६च्या दिव्यांग हक्क कायद्याच्या यादीत २१ अपंगत्वं आहेत, त्यात एडीएचडीचं नाव नाही. २०१७च्या कायद्यानं सरकारी मानसिक उपचार हा हक्क केला. पण तपासणीच्या प्रत्येक खेपेला घरकाम करणाऱ्या आईचा खाडा पडतो, त्याची भरपाई कोण देतं?

म्हणून मागण्या तीन. एडीएचडीचं नाव कायद्याच्या यादीत घाला. पालिकेच्या प्रत्येक शाळेत समुपदेशक द्या, आणि तपासणी संध्याकाळी, वस्तीजवळ करा. ह्या दोन सरकारकडं. तिसरी आपल्याकडं : येत्या १४ एप्रिलला ज्यांना अठरा तास बसवतं त्यांनी खुशाल बसावं, पण त्याच मांडवात अठरा-अठरा मिनिटांची एक रांग लावा. मधी उठायची मोकळीक ठेवा. पायरी सोडून गेलेल्या पोरांना घरी जाऊन बोलवून आणा, आणि त्यांच्याशेजारी पुढाऱ्यांनी स्वतः बसा.

जयभीम.