चाहत्याचे ऐकणे आणि समीक्षेचे बहिरेपण

मराठी समीक्षेत 'रसिक' हा शब्द जितक्या आदराने उच्चारला जातो, तितक्याच तुच्छतेने 'चाहता' हा शब्द वापरला जातो. रसिकाच्या पाठीशी अभिनवगुप्ताच्या सहृदयाची परंपरा आहे. अलीकडच्या काळात वाचककेंद्री सिद्धान्तांनी त्याला नवी प्रतिष्ठाही मिळवून दिली आहे. चाहत्याच्या वाट्याला मात्र मानसशास्त्र, समाजशास्त्र किंवा उपहास यांपैकी काहीतरी एक येते. रसिक आस्वाद घेतो आणि चाहता केवळ उपभोग घेतो, रसिकाजवळ विवेक असतो आणि चाहत्याजवळ फक्त वेड असते, ही विभागणी इतकी अंगवळणी पडली आहे की तिला पुरावा मागण्याची गरज कोणालाच वाटत नाही. ती तपासून पाहिली तर तिच्यामागे सिद्धान्त कमी आणि ज्ञानव्यवहारातील उतरंड अधिक आढळते. ही उतरंड किती तकलादू आहे याची साक्ष साहित्याबाहेरचे एक उदाहरण अधिक स्वच्छपणे देऊ शकते.

१९७५ साली स्टुटगार्ट येथे तत्कालीन 'ज्युडडॉइचर रुंडफुंक' या सार्वजनिक प्रसारणसंस्थेच्या एका दूरचित्रवाणी कार्यक्रमासाठी पियानोवादक वोल्फगांग डाउनर याने काही वादकांना एकत्र आणले. त्यातूनच पुढे 'युनायटेड जॅझ अँड रॉक एन्सेम्बल' हा वाद्यवृंद उभा राहिला. गिटारवादक फोल्कर क्रीगेल, बासवादक एबरहार्ड वेबर, ट्रॉम्बोनवादक आल्बर्ट मांगेल्सडोर्फ, ड्रमवादक जॉन हाइसमन, सॅक्सोफोनवादक बार्बरा थॉम्पसन व चार्ली मरियानो, ट्रम्पेट व फ्लूगलहॉर्न वाजवणारे इयन कार व आक फान रोयेन आणि १९७९पासून केनी व्हीलर अशी ही मंडळी. जर्मन, इंग्रज, डच, अमेरिकन आणि कॅनडात जन्मलेला व्हीलर. यांतील बहुतेक जण स्वतंत्र वाद्यवृंदांचे प्रमुख होते किंवा राहिले होते. म्हणूनच 'वृंदप्रमुखांचा वृंद' असे त्याचे वर्णन केले गेले. १९७७ची 'लाइव्ह इम शूत्सेनहाउस' ही त्यांची पहिली ध्वनिमुद्रिका जर्मनीत सर्वाधिक खपलेल्या जॅझ ध्वनिमुद्रिकांमध्ये गणली जाते. २००२ साली निरोपाचा दौरा करून हा वृंद थांबला.

वृंद थांबला तरी त्याचे ऐकणे थांबलेले नाही. हे ऐकणे कसे घडते, ते पाहण्यासारखे आहे. एखादा श्रोता रॉकच्या वाटेने येतो. हाइसमनच्या 'कोलोसियम' या वृंदाची १९६९ची 'व्हॅलेंटाइन स्वीट' त्याला ठाऊक असते आणि तोच ड्रमवादक इथे वाद्यांच्या दाटीत वेगळ्या रीतीने कसा वाजवतो, हे त्याला ऐकायचे असते. दुसरा इयन कारच्या 'न्यूक्लियस'कडून, १९७०च्या 'इलॅस्टिक रॉक'कडून येतो. तिसऱ्याने केट बुशच्या गाण्यांत वेबरचा बास प्रथम ऐकलेला असतो. चौथ्याला सत्तरच्या दशकात दक्षिण भारतात नागस्वरम शिकलेला आणि पुढे 'कर्नाटक कॉलेज ऑफ पर्कशन'बरोबर वाजवणारा मरियानो हवा असतो. हे चौघे एकाच ध्वनिमुद्रिकेपाशी येऊन थांबतात आणि तिथून चार वेगळ्या दिशांना जातात. एकीकडे मांगेल्सडोर्फची १९७२ची 'ट्रॉमबर्ड्स', तर दुसरीकडे डाउनर आणि वेबर यांनी १९६४ साली त्रयीत केलेली 'ड्रीम टॉक'. असे फिरून आल्यावर पहिली ध्वनिमुद्रिका पुन्हा लावली जाते, तेव्हा ती पूर्वीची राहिलेली नसते. दहांच्या एकत्रित नादातून एकेकाचा आवाज आता वेगळा ओळखू येतो. कोणत्या वाक्यांशावर कोणाची छाप आहे, कोणी कोणासाठी जागा सोडली आहे, हेही उमगू लागते. या प्रक्रियेला साहित्यशास्त्रात नाव आहे. ते आंतरसंहितात्मक वाचन होय. ते प्राध्यापकाने केले की त्याला संशोधन म्हणतात आणि चाहत्याने केले की छंद.

असेही म्हटले जाईल की संग्रह करणे, क्रमांक लावणे आणि याद्या जुळवणे हे कृतीबाहेरचे वेड आहे. या वृंदाच्या बाबतीत तरी हा आक्षेप टिकत नाही. १९८४च्या ध्वनिमुद्रिकेचे नाव 'युनायटेड लाइव्ह ओपस झेक्स', म्हणजे सहावी कृती; १९८७ची 'राउंड सेव्हन', म्हणजे सातवी फेरी; आणि १९९६ची 'दी नॉइन्टे फॉन युनायटेड', म्हणजे युनायटेडची नववी. जर्मन भाषेत 'नववी' म्हटले की बेटहोफेनची सिंफनी आठवणारच. ही थट्टा हेतुपुरस्सर आहे. मोजण्याचा खेळ वादकांनीच कृतीच्या नावात रचून ठेवला आहे. सहावी म्हटल्यावर आधीच्या पाच कोणत्या, दुहेरी ध्वनिमुद्रिका एक धरावी की दोन, संकलन कृतीत मोडते की नाही, हे प्रश्न श्रोत्यापुढे उभे राहतात. 'कृतीची सीमा कोणती?' या प्रश्नावर चर्चासत्रे भरवणाऱ्यांना त्याच प्रश्नाची चाहत्याने केलेली रोकडी मांडणी हास्यास्पद वाटावी, यात विसंगती आहे. ती चाहत्याच्या वागण्यातली नाही.

चाहत्याविषयीच्या या अनादराला विसाव्या शतकात सर्वांत भारदस्त तात्त्विक आधार पुरवला तो अडोर्नोने. १९३६ साली टोपणनावाने लिहिलेल्या निबंधात त्याने जॅझचे स्वातंत्र्य हे भासमान स्वातंत्र्य असल्याचे प्रतिपादन केले. १९६२च्या संगीताच्या समाजशास्त्रावरील ग्रंथात श्रोत्यांचे प्रकार पाडताना त्याने जॅझचा चाहता हा असूयाग्रस्त श्रोत्याचा आप्त ठरवला. त्याचे बंड समाजाने आधीच पचवून टाकले आहे, असा त्याचा निर्वाळा होता. अडोर्नो स्वतः नाझींमुळे परागंदा झालेला विचारवंत होता आणि संस्कृतिउद्योगाची त्याची चिकित्सा आजही धारदार आहे, हे मान्यच केले पाहिजे. पण ज्या फ्रँकफुर्टमध्ये परतून त्याने हे लिहिले, त्याच फ्रँकफुर्टमध्ये १९२८ साली आल्बर्ट मांगेल्सडोर्फ जन्मला होता. त्याचा थोरला भाऊ एमिल चोरून जॅझ ऐकणाऱ्या आणि वाजवणाऱ्या तरुणांपैकी एक होता. १९४३ साली गेस्टापोने त्याला अटक केली आणि पुढे त्याची रवानगी रशियाच्या आघाडीवर झाली. ज्या ऐकण्याची ही किंमत मोजावी लागली, त्या ऐकण्याला 'पचवलेले बंड' म्हणता येत नाही. पुढे साठच्या दशकात, अडोर्नो शिकवत असलेल्या विद्यापीठातच फोल्कर क्रीगेल समाजशास्त्राचा विद्यार्थी होता. चिकित्सेचे ते शास्त्र शिकत असतानाही त्याने गिटार खाली ठेवली नाही. श्रोत्यांचे प्रकार पाडणाऱ्या सिद्धान्ताच्या उंबऱ्यावरच हे दोन श्रोते उभे होते, पण सिद्धान्ताला त्यांची दखल घ्यावीशी वाटली नाही. हे बहिरेपण एका माणसापुरते असते तर त्याचा एवढा विचार करण्याचे कारण नव्हते. मराठीत मात्र ते 'अभिरुची' या नावाने उसने आणले गेले आणि मूळ चिकित्सेतील वेदना गाळून केवळ तुच्छता तेवढी शिल्लक ठेवली गेली.

दुसरा आक्षेप 'सुपरग्रुप' या शब्दावरच घेतला जाईल. हा शब्द बाजाराचा आहे, नामवंतांची नावे एकत्र बांधून विकण्याची ती युक्ती आहे आणि चाहता त्या युक्तीला बळी पडलेला ग्राहक आहे, असा तो आक्षेप. शब्द बाजाराचा आहे हे खरे. या वृंदाचा जन्म मात्र सार्वजनिक प्रसारणसंस्थेच्या स्टुडिओत झाला. त्याच्या ध्वनिमुद्रिका ज्या 'मूड रेकॉर्ड्स'ने काढल्या, ती डाउनर, क्रीगेल, मांगेल्सडोर्फ प्रभृतींनी स्वतः उभारलेली संस्था होती. तिसऱ्या ध्वनिमुद्रिकेला 'द ब्रेक ईव्हन पॉइंट' असे हिशेबाच्या वहीतले नाव देणाऱ्या या मंडळींना बाजार कळत नव्हता असे नाही. त्यांनी तो आपल्या अटींवर हाताळला. चाहता निर्दोष आहे, असा याचा अर्थ नव्हे. दुर्मीळतेलाच गुण समजणे, एकल वादनाचे तुकडे तोडून त्यांची प्रतवारी लावणे, संपूर्ण संग्रह म्हणजे संपूर्ण आकलन असे मानणे, हे दोष त्याच्यात आहेत. पण हेच दोष विद्यापीठीय संशोधनातही आढळतात आणि तेवढ्यावरून संशोधनाला कोणी 'उपभोग' म्हणत नाही.

खरा वाद पुढे आहे. बार्थने १९६७ साली लेखकाच्या मृत्यूची घोषणा केली आणि पाच वर्षांनी ईझरने 'अध्याहृत वाचक' ही संकल्पना मांडली. मराठीत दोहोंचे स्वागत झाले. तथापि अभ्यासक्रम, चरित्रग्रंथ, गौरवग्रंथ आणि वाङ्मयेतिहास लेखकाच्या नावानेच बांधले जात राहिले. आणि वाचक आला तो संहितेने कल्पिलेला, रक्तामांसाचा नव्हे. जॅझचा इतिहासही असाच लिहिला जातो. एकेका युगप्रवर्तकाकडून दुसऱ्याकडे, एका क्रांतिकारक ध्वनिमुद्रिकेकडून दुसरीकडे आणि शक्यतो अमेरिकेच्या एका शहरातून दुसऱ्या शहरात. या मांडणीत दहा जणांच्या, अनेक रचनाकारांच्या आणि कोणत्याही क्रांतीचा दावा न करणाऱ्या युरोपीय वृंदाला बसायला जागा नाही. त्याचा कर्ता कोण, या प्रश्नाला एका नावाने उत्तर देता येत नाही. जिथे कर्ता खरोखरच विखुरलेला आहे, तिथे लेखकाचा मृत्यू घोषित करणारी समीक्षा गप्प होते आणि चाहता मात्र कामाला लागतो. बार्थने मागितलेला वाचक जर कुठे असेल, तर तो या ध्वनिमुद्रिकांच्या वेष्टनांवरील बारीक अक्षरांतली नावे वाचत बसलेला आहे.

भक्ती आणि चिकित्सा यांचे वैर मानणाऱ्यांना मराठीतील एका घटनेचे स्मरण करून देणे आवश्यक आहे. शके १५०६मध्ये ज्ञानेश्वरीची पाठशुद्धी ज्यांनी केली ते एकनाथ त्या ग्रंथाकडे तटस्थ अभ्यासक म्हणून आले नव्हते. त्यांची भक्ती हीच त्यांच्या चिकित्सेची प्रेरणा होती. अपपाठ सहन होत नाही, तो प्रेम करणाऱ्यालाच. मराठी पाठचिकित्सेच्या मुळाशी अशी आसक्ती असताना आसक्तीला अज्ञान ठरवणे हा आपल्याच परंपरेचा विसर आहे. साठोत्तरी लघुनियतकालिकांचे सुटे अंक ज्यांनी घरच्या कपाटात जपले, त्यांच्या वेडाचे ऋणही या काळाच्या अभ्यासकांवर आहेच.

या विवेचनात केवळ प्रतिष्ठेचा प्रश्न नाही. क्रीगेल २००३ साली गेला, मांगेल्सडोर्फ २००५ साली, कार आणि मरियानो २००९ साली. त्यांच्यामागोमाग व्हीलर, हाइसमन, डाउनर, फान रोयेन आणि २०२२ साली थॉम्पसन. वेबरला २००७ साली पक्षाघात झाला आणि त्याचे बासवादन थांबले. त्यानंतर त्याने यान गारबारेकच्या मैफलींत पूर्वी ध्वनिमुद्रित झालेली आपलीच एकल वादने शोधून काढली, निवडली, त्यांवर नवे स्वर चढवले आणि २०१२ची 'रेझ्युमे' व २०१५ची 'आँकोर' या कृती सिद्ध केल्या. हात थांबल्यावर कलावंत स्वतःच्या ध्वनिमुद्रणांचा श्रोता झाला, आणि त्या श्रवणातूनच निर्मिती झाली. आस्वाद आणि निर्मिती यांच्यामध्ये समीक्षेने उभारलेली भिंत इथे कोसळते.

'आँकोर'मध्ये वेबरच्या जुन्या बासवादनासोबत फ्लूगलहॉर्न ऐकू येते. ते आक फान रोयेनचे आहे. १९७३ साली वेबरने 'द कलर्स ऑफ क्लोए' ध्वनिमुद्रित केली तेव्हाही फ्लूगलहॉर्न त्याचेच होते, आणि मधली अनेक वर्षे दोघे युनायटेडमध्ये शेजारी शेजारी वाजवत होते. हे ज्याला ठाऊक आहे त्याला त्या स्वरांत चार दशकांची सोबत ऐकू येते. ज्याला ठाऊक नाही त्याला एक मधुर वाद्य ऐकू येते. दोन्ही ऐकणे खरे आहे. परंतु यांपैकी पहिल्याला 'उपभोग' म्हणून बाजूला सारणारी समीक्षा रसिकतेचे नाव सांगत असली, तरी ती दुसऱ्याच ऐकण्यापाशी थांबलेली असते.