नकाशा कोणाच्या मालकीचा?

दुष्काळ जाहीर झाला की आमच्या बीड जिल्ह्यात नकाशांचा सुकाळ होतो. पाणलोटाचे, टँकरमार्गांचे, भूजलपातळीचे नकाशे कचेऱ्यांच्या भिंतींवर लागतात, आढावा बैठकांत फिरतात आणि पाऊस पडला की कपाटात जातात. ज्या गावाच्या शिवाराविषयी ते असतात, त्या गावाच्या ग्रामसभेपुढे मात्र ते क्वचितच येतात. याला केवळ प्रशासकीय ढिलाई म्हणणे भाबडेपणाचे ठरेल. माहितीची मालकी हा सत्तेच्या मालकीचाच एक भाग आहे.

१९८४ साली प्रा. वि. म. दांडेकर यांच्या सत्यशोधन समितीने प्रादेशिक असमतोलाचा अहवाल दिला आणि ‘अनुशेष’ हा शब्द मराठवाड्याच्या राजकारणात रुजला. जिल्ह्याजिल्ह्यांतील विषमता त्या अहवालाने मोजली, हे त्याचे मोठे ऋण आहे. परंतु जिल्ह्याच्या आत काय? बालाघाटाच्या माथ्यावरील पाटोदा आणि गोदाकाठचे गेवराई यांची सरासरी काढली, तर जो आकडा हाती येतो तो दोन्हीकडे खोटा ठरतो. २०१६ साली मांजरा धरण आटले आणि मिरजेहून लातूरला रेल्वेने पाणी न्यावे लागले. ती गाडी साऱ्या देशाने पाहिली. धरण मात्र आमच्या केज तालुक्यात आहे. आणि त्याच्या आसपासच्या वाड्यावस्त्यांतील कोणती विहीर कोणत्या महिन्यात आटते, हे एका ठिकाणी मांडलेले आम्हांला कोठेही मिळाले नाही.

म्हणून माझे काही जुने विद्यार्थी आणि मी अशा पाच-सहा जणांनी चार गावांतील विहिरी, विंधनविहिरी, बंधारे आणि टँकर थांबण्याच्या जागा फिरून नोंदविल्या. हा नकाशा गावाला आपल्या फोनवर पाहता यावा आणि दर महिन्याला गावानेच तो दुरुस्त करावा, अशी कल्पना होती. त्यासाठी ‘मॅप सर्व्हर’ लागतो. साठविलेल्या नोंदींतून मागणीप्रमाणे नकाशा रेखाटून पाठविणारी ही संगणकीय यंत्रणा आहे. व्यापारी कंपन्यांच्या अशा यंत्रणेचा परवाना घेणे आमच्या खिशाला झेपणारे नव्हते. आम्ही जुना संगणक घेतला आणि ‘जिओसर्व्हर’ हे मुक्तस्रोत सॉफ्टवेअर त्यावर बसविले.

या परंपरेचा इतिहास कार्यकर्त्यांना ठाऊक असावा. १९८३ साली रिचर्ड स्टॉलमन यांनी मुक्त सॉफ्टवेअरची चळवळ सुरू केली. वापरणाऱ्याला आतील रचना पाहण्याचा, बदलण्याचा आणि वाटण्याचा हक्क असला पाहिजे, ही तिची मागणी होती. अमेरिकेतील मिनेसोटा विद्यापीठात १९९०च्या दशकात ‘मॅपसर्व्हर’ तयार झाला. २००१ साली न्यूयॉर्कमधील एका नफाविरहित संस्थेने ‘जिओसर्व्हर’ आरंभिला. भांडवलशाहीच्या माहेरघरीच सामायिक मालकीचे हे रोप वाढले, ही विचार करण्याजोगी गोष्ट आहे.

आमची यंत्रणा सुरू झाली, पण गावांच्या नावांच्या जागी रिकामे चौकोन उमटू लागले आणि जुन्या स्थलदर्शक नकाशावरून घेतलेला एक बंधारा ओढा सोडून बाजूच्या रानात जाऊन बसला. आम्ही जगभरच्या स्वयंसेवकांना विचारणा धाडली: ‘नकाशा नीट चालत नाही, मदत करा.’ उत्तरात उलट प्रश्न आले. कोणती आवृत्ती? यंत्राच्या नोंदवहीत नेमके काय उमटले? मूळ नकाशा कोणत्या गोलाभावर आधारलेला? मुलांना ते उर्मट वाटले. मला मात्र आपल्या मोर्चांची निवेदने आठवली. ‘अन्याय दूर करा’ एवढेच लिहिलेले निवेदन बासनात जाते. गट क्रमांक, तारीख आणि रक्कम लिहिलेल्या निवेदनाला उत्तर द्यावे लागते.

आम्ही नेमके लिहिले, तेव्हा दोन दिवसांत उलगडा झाला. चौकोन उमटत होते, कारण त्या संगणकात देवनागरी टंकच नव्हता. बंधारा हलला होता, कारण जुने भारतीय नकाशे एव्हरेस्टच्या १८३०च्या गोलाभावर मांडलेले, तर फोन जागा सांगतो ती डब्ल्यूजीएस ८४ या आजच्या जागतिक पद्धतीने. आणि आम्ही दोन्ही एकच धरली होती. सांगणाऱ्याने मोबदला मागितला नाही.

याला दानधर्म समजू नये. सामायिक संसाधने टिकतात ती वापरणाऱ्यांनीच घडविलेल्या आणि पाळलेल्या नियमांमुळे, हे दाखवून देणाऱ्या एलिनॉर ऑस्ट्रॉम यांना २००९ साली अर्थशास्त्राचे नोबेल मिळाले. फुकट घेणारेच वाढले तर गायरानही उजाड होते. मोठ्या कंपन्या या सामायिक श्रमावर नफा कमावतात, हेही खरे. म्हणून आम्ही आमच्या दोन्ही अडचणी आणि त्यांची उत्तरे मराठीत लिहून सर्वांसाठी खुली केली. घेतलेल्याची अंशतः परतफेड झाली.

काही सहकारी म्हणतात, संगणक हा मध्यमवर्गाचा छंद; आपले काम रस्त्यावर. त्यांना मी एवढेच विचारतो की १५ फेब्रुवारी २०२१ रोजी केंद्र सरकारने नकाशे बनविण्यावरील पूर्वपरवानगीची अट काढली, तिचा लाभ केवळ कंपन्यांनीच घ्यावा काय? दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे, आणि तो एका गावातील शेतकरी स्त्रीने घेतला. ती म्हणाली, ‘गुरुजी, पाणी कुठं हाय ते समद्यांना कळलं, तर बोअरवाला आन् जमिनीचा दलाल आधी येईल.’ तिचे म्हणणे रास्त होते. नकाशा खुला झाला म्हणून सत्ता वाटली जात नाही. म्हणून खाजगी विहिरींच्या नोंदी आम्ही जाहीर नकाशातून काढल्या. काय दाखवावे आणि काय झाकावे, हे यापुढे ग्रामसभा ठरवील.

रचना आणि संघर्ष ही आपली जुनी जोडी आहे. प्रत्येक तालुक्यात दोन कार्यकर्त्यांनी हे तंत्र शिकावे, ग्रामसभेने आपला नकाशा करावा आणि सार्वजनिक पैशाने झालेले पाण्याचे नकाशे गावाला मिळालेच पाहिजेत, ही मागणी घेऊन तहसीलवर जावे. त्या वेळी आपल्या हातात घोषणेबरोबर नकाशाही असावा.