काटकसरीचा भार कोणी वाहावा?

लवळ्याच्या टेकडीवर विद्यापीठ उभे आहे आणि खाली पिरंगुटच्या बाजूस लहानमोठे कारखाने. वर व्यवस्थापनशास्त्र शिकविले जाते. खाली लेथवर पोलादाचा कीस पडत असतो. या शास्त्राने आता टेकडी उतरावी, असे आम्हांस वाटते. मात्र काटकसरीचा भार कोणाच्या खांद्यावर पडतो, याचाही विचार त्याबरोबर झाला पाहिजे.

लघुउद्योजकांनी नासाडी टाळून व पर्यावरण राखून उत्पादन करावे, असा उपदेश आज सर्वत्र ऐकू येतो. या ‘लीन’ पद्धतीचा पाया दुसऱ्या महायुद्धानंतर जपानमधील टोयोटाच्या कारखान्यात ताइची ओनो यांनी घातला. त्यांनी नासाडीचे सात प्रकार सांगितले : गरजेहून अधिक उत्पादन, वाट पाहण्यात गेलेला वेळ, मालाची विनाकारण ने-आण, अनावश्यक प्रक्रिया, साचलेला साठा, कामगाराची व्यर्थ हालचाल आणि सदोष माल. एक सदोष सुटा भाग भंगारात गेला, की त्याबरोबर पोलाद, वीज, तेल आणि मनुष्याचे श्रम हे सारेच गेले. कॉम्प्रेसरच्या दुर्लक्षित नळ्यांतून 20 ते 30 टक्के हवा गळू शकते. तिचा उपयोग कोणासच होत नाही, विजेचे बिल मात्र मालकाच्या माथी येते. येथे मालकाचे हित आणि मुळा नदीचे हित परस्परविरोधी नाहीत.

आणि प्रश्न केवळ पैशांचा नाही. 7 जून 2021 रोजी याच तालुक्यात उरवडे येथील रासायनिक कारखान्यास आग लागून पंधराहून अधिक कामगार मृत्युमुखी पडले. त्यांत बहुतेक स्त्रिया होत्या. ज्वालाग्राही माल किती व कोठे ठेवावा, बाहेर पडण्याची वाट मोकळी आहे की नाही, हे प्रश्न वरवर नीटनेटकेपणाचे दिसतात. वस्तुतः ते जीवनमरणाचे असतात.

मग लहान कारखानदार हे का करीत नाही? तो आळशी आहे म्हणून खचित नव्हे. मोठी कंपनी ‘हवा तेव्हाच माल’ म्हणून आपले गोदाम रिकामे करते, तेव्हा तो साठा बहुधा पुरवठादाराच्या अंगणात येऊन पडतो. त्यात भांडवल अडकते आणि बिलाचे पैसे महिनोन् महिने येत नाहीत. ही काटकसर नव्हे, केवळ ओझ्याचे स्थलांतर होय. 2006 च्या कायद्याने सूक्ष्म व लघुउद्योगांचे पैसे फार तर 45 दिवसांत चुकते करणे बंधनकारक केले. कायदा कागदावर आहे; परंतु ज्या गिऱ्हाइकावर वर्षाचा धंदा अवलंबून, त्याच्याविरुद्ध दाद मागण्याचे धैर्य कोणास होणार?

सरकारने काहीच केले नाही, असे म्हणता येणार नाही. 2022 साली ‘झेड’ प्रमाणपत्राची नवी योजना आली व सूक्ष्म उद्योगांना शुल्कात 80 टक्के सवलत मिळाली. 2023 च्या ‘लीन’ योजनेत सल्लागाराच्या खर्चाचा 90 टक्के भार केंद्राने उचलण्याचे ठरले. तिकडे युरोपीय संघाने 1 जानेवारी 2026 पासून आयात पोलादावर कार्बनचा आकार लागू केला असून साधे बोल्ट व स्क्रूही त्यातून सुटलेले नाहीत. निर्यातदारास द्यावा लागणारा हा हिशेब उद्या त्याच्या पुरवठादाराकडेही मागितला जाईल. तेव्हा सबबी सांगत बसण्यास अवधी नाही.

आमच्या मते तीन गोष्टी तातडीने व्हाव्यात. मोठ्या खरेदीदारांनी पुरवठादारांकडे स्वच्छ उत्पादनाचा दाखला मागण्यापूर्वी मुदतीत पैसे दिल्याचा दाखला स्वतः द्यावा. विद्यापीठांनी आपले विद्यार्थी या कारखान्यांत पाठवून वेळ, वीज व भंगार यांची मोजदाद करावी. कारखानदारांनी वापरलेले तेल व घातक कचरा उचलण्याची व्यवस्था एकत्र येऊन करावी. एकट्यास न परवडणारी गोष्ट वीसजणांस परवडते.

उद्योगासाठी त्याग करणे मुळशीस नवे नाही. धरणाखाली जमिनी जाऊ लागल्या तेव्हा, 1921 साली, येथील शेतकऱ्यांनी सत्याग्रह केला. तरीही धरण झालेच. धरणाखालून वाहणारी नदी तरी या तालुक्यास स्वच्छ राखता यावी. तो भार एकट्या लहान कारखानदारावर टाकून मोठ्यांस हात झटकता येणार नाहीत.