कुसळ धरण्याआधी

दसरा उलटला की पुरंदर, माण, पारनेरच्या माळांवर गवत पिवळं पडू लागतं. वाऱ्यावर लवणारं ते उंच रान पाहून मालकाला वाटतं, यंदा गंजी मोठी लागणार. गंजी मोठी लागतेच, पण गवतातला कस तोवर गेलेला असतो.

मृगाच्या पावसावर फुटलेल्या कोवळ्या मारवेलात, पवन्यात प्रथिनं साधारण 8 ते 10 टक्के भरतात. भाद्रपदात गवत फुलोऱ्यावर येतं, पानापेक्षा काडी वाढते आणि काडीत लिग्निन साठतं. हिवाळ्यात उभ्या वाळलेल्या गवतात प्रथिनं 3-4 टक्क्यांवर येतात. स्फुरद घटतं, कॅरोटीन उन्हात उडून जातं.

गाय गवत खाते, पण ते पचवतात तिच्या कोठीपोटातले सूक्ष्मजीव, आणि त्यांना नत्र लागतं. चाऱ्यातली प्रथिनं 7 टक्क्यांच्या खाली गेली की त्यांचं काम मंदावतं. चारा पोटात पडून राहतो, गाय आणखी तोंड लावत नाही. दावणीत वैरण शिल्लक आणि गाईच्या बरगड्या मोजाव्यात, हे चैत्रातलं नेहमीचं दृश्य. तीच गाय भिंत चाटते, चिंध्या नि हाडं चघळते. ती खोड नव्हे; बहुतेकदा अंगातलं स्फुरद कमी झाल्याची खूण असते.

कुसळी गवताची आणखी वेगळी अडचण. तिची कुसळं जनावराच्या तोंडात रुततात, मेंढीच्या लोकरीतून कातडीत शिरतात. म्हणून ती झडेपर्यंत कापणी लांबते. खरं तर निम्मं गवत फुलोऱ्यात असतानाच विळा लागायला हवा. शेतकऱ्याला हे कळत नाही असं मुळीच नाही. भाद्रपदात कापलेलं गवत पावसात कुजतं, मजूर बाजरी-सोयाबीनच्या काढणीवर असतात आणि बाजारात पेंढ्या मोजल्या जातात, कस नाही.

धनगरांनी यावर पायांनी तोड काढली. दिवाळीनंतर मेंढरं घेऊन कोकणातल्या भात निघालेल्या खाचरांत उतरायचं, पावसाच्या आत घाटावर परतायचं.

सरकारी हिशेब मात्र किलोचा. 2018-19 च्या दुष्काळात छावण्यांमध्ये ऊस आणि वाढं घालून जनावरं जगवली, त्याचं मोल मोठंच. पण उसात प्रथिनं तुटपुंजी, आणि वाढ्यातलं ऑक्झॅलेट कॅल्शियम बांधून ठेवतं. परतलेल्या गाईचं दूध किती उरलं, ती माजावर कधी आली, हेही छावणीच्या हिशेबात धरायला हवं.

वाळलेल्या गवताला थोडा कस आणता येतो: 100 किलोला 4 किलो युरिया, सुमारे 50 लिटर पाण्यात पूर्ण विरघळवून, सारखा शिंपडून, प्लॅस्टिकखाली 21 दिवस हवाबंद. त्याहून बरं म्हणजे कुरणाचा एक हिस्सा फुलोऱ्यातच कापून मूरघास करणं. त्याला कुट्टीयंत्र लागतं, ते प्रत्येकाला परवडत नाही. वैरण विकासाच्या पैशातून बियाण्याच्या पिशव्यांबरोबर गावात एक सामाईक कुट्टीयंत्रही द्यावं, आणि ते भाद्रपदाच्या आत पोचवावं.