हातमोजे हवेतच, पण पॉवर प्रेसपुढे ते पुरेसे नाहीत

छोट्या कारखान्यात कामगाराचे बोट चिरडले, की चौकशीतला पहिला प्रश्न ठरलेला असतो : त्याने हातमोजे घातले होते का? घातले नसतील तर दोष कामगाराच्या बेफिकिरीवर जातो. घातले असतील तर मोजे हलक्या प्रतीचे निघाले, असे सांगितले जाते. दोन्ही उत्तरांत यंत्राची चौकशी मागे पडते. बोटांच्या पाठीवर रबरी पट्ट्यांचे कवच असलेले मजबूत सुरक्षा-मोजे आता बाजारात उपलब्ध आहेत आणि कामगार सुरक्षेची नवी संहिताही लागू झाली आहे. अशा वेळी हे मोजे कोणत्या कामात बोट वाचवतात आणि कोणत्या कामात त्यांचा उपयोग नाही, याची स्पष्ट विभागणी होणे आवश्यक आहे. वेर्ण्यापासून कुंडई-मडकईपर्यंतच्या औद्योगिक वसाहती असोत किंवा बेळगावच्या उद्यमबागेतील फाउंड्र्या, लोखंड आणि पत्रा हाताळणाऱ्या प्रत्येक ठिकाणी हा प्रश्न रोजचा आहे.

मोज्यांची कसोटी काय सांगते?

अशा मोज्यांसाठी दोन मानके प्रचलित आहेत. युरोपातील ‘ईएन ३८८’ या मानकाच्या २०१६ च्या आवृत्तीत आघात-संरक्षणाची चाचणी समाविष्ट झाली. ती उत्तीर्ण झालेल्या मोज्यावर ‘पी’ हे अक्षर छापलेले असते. ही चाचणी मुठीच्या सांध्यांपुरती घेतली जाते; बोटांची तपासणी तीत होत नाही. २०१९ मध्ये अमेरिकेत आलेल्या ‘आन्सी/आयसिया १३८’ या मानकाने बोटे आणि अंगठा यांचीही चाचणी घेण्यास सुरुवात केली आणि संरक्षणाचे तीन स्तर ठरवले. बोटांच्या रक्षणासाठी मोजे घेणाऱ्याने केवळ ‘पी’ या अक्षरावर समाधान मानू नये, हा यातून निघणारा पहिला व्यावहारिक निष्कर्ष.

दोन्ही चाचण्यांत मोज्यावर ५ ज्यूल ऊर्जेचा आघात केला जातो. अडीच किलोचे वजन सुमारे २० सेंटिमीटर उंचीवरून पडावे, इतकी ही ऊर्जा. अमेरिकी मानकाच्या सर्वोच्च स्तरावरील मोज्यातून हातापर्यंत पोहोचणारे बल सरासरी ४ किलोन्यूटनपेक्षा, म्हणजे ढोबळमानाने ४०० किलो वजनाच्या दाबापेक्षा अधिक असून चालत नाही. हातोडा निसटणे, पाइप घरंगळणे, फाउंड्रीतील साच्याची पेटी उचलताना बोट दोन कडांत सापडणे, बंदरात माल बांधताना साखळीचा फटका बसणे, अशा प्रसंगी हे कवच आघात पसरवते आणि हाड मोडण्याची शक्यता कमी करते. या कामांसाठी डझनाच्या भावाने आणलेले सुती विणकामाचे मोजे देणे म्हणजे संरक्षणाचा केवळ देखावा होय. तेथे योग्य मापाचे, कवच असलेले मोजे मालकाने स्वखर्चाने दिलेच पाहिजेत आणि झिजल्यावर बदलूनही दिले पाहिजेत.

प्रेसचे गणित वेगळे

पॉवर प्रेसपाशी मात्र हे गणित कोलमडते. ५० टनी प्रेस खाली येताना जवळजवळ ४९० किलोन्यूटन बल लावू शकते. मोज्याच्या कवचाच्या कसोटीत मोजल्या जाणाऱ्या बलाच्या हे शंभर पटींहून अधिक आहे. शिवाय येथे आघात क्षणिक नसतो. वरची आणि खालची डाय यांच्यामध्ये बोट दाबले जाते. या दाबाला पुरून उरेल असा हातमोजा अस्तित्वात नाही.

धोक्याचे मूळ यंत्राच्या रचनेत आहे. छोट्या कारखान्यांत आढळणाऱ्या जुन्या धाटणीच्या प्रेसमध्ये की-क्लच असतो. एकदा पेडल दाबले, की दट्ट्याची फेरी पूर्ण झाल्याशिवाय थांबत नाही. क्लचची चावी किंवा स्प्रिंग झिजली असेल, तर पेडल न दाबताही दट्ट्या दुसऱ्यांदा खाली येऊ शकतो. तयार तुकडा काढण्यासाठी हात आत गेलेला असतानाच असा दुसरा ठोका पडला, तर कामगाराची दक्षता किंवा अनुभव कामी येत नाही. पायाने चालणाऱ्या पेडलमुळे दोन्ही हात मोकळे राहतात आणि उत्पादनाचा वेग गाठताना ते डायखाली जातात.

यावरचे उपाय जुने आणि परिचित आहेत. डायभोवती पक्का गार्ड, गार्ड उघडा असताना यंत्र चालू होऊ न देणारी जोडणी, पेडलऐवजी दोन्ही हातांनी एकाच वेळी दाबावयाची बटणे, तुकडा ठेवण्या-काढण्यासाठी चिमटा किंवा सरकती पट्टी, आणि क्लचची नियमित तपासणी. प्रकाशकिरणांचा पडदा बसवल्यावर सर्व प्रश्न सुटतो, असा एक समज आहे. तोही तपासून घेतला पाहिजे. हात आत जाताच यंत्र थांबवण्याचा संकेत हा पडदा देतो. परंतु की-क्लचची प्रेस फेरीच्या मध्यावर थांबतच नाही. तेथे घर्षण-क्लच बसवणे किंवा पक्का गार्ड लावणे, हेच पर्याय उरतात. ब्रिटनने १९६५ च्या नियमावलीने प्रेसच्या गार्डची तपासणी प्रत्येक पाळीच्या पहिल्या चार तासांत नियुक्त व्यक्तीने करून तशी नोंद ठेवणे बंधनकारक केले. त्यासाठी महागडे तंत्रज्ञान लागत नाही.

काही यंत्रांवर तर मोजा हाच धोका ठरतो. ड्रिल, लेथ किंवा फिरते रोलर यांच्यात मोज्याचे टोक अडकले, तर यंत्र बोटासह संपूर्ण हात आत ओढून घेते. अशा यंत्रांवर मोजे न घालण्याची शिस्त सुरक्षाशास्त्र सांगते. त्यामुळे ‘सर्वांना मोजे’ हा सरसकट आदेश उपकारक ठरण्याऐवजी घातक ठरू शकतो.

बोटाची किंमत

‘सेफ इन इंडिया’ ही संस्था २०१९ पासून वाहन उद्योगाच्या पुरवठा साखळीतील अपघातांवर ‘क्रश्ड’ या नावाने अहवाल प्रसिद्ध करीत आली आहे. हरियाणा, महाराष्ट्र आदी राज्यांतील जखमी कामगारांच्या नोंदींवर आधारलेल्या या अहवालांत पॉवर प्रेस हे बोटे गमावण्याचे प्रमुख कारण म्हणून वारंवार पुढे आले आहे. जखमींमध्ये स्थलांतरित आणि कंत्राटी कामगारांचे प्रमाण मोठे आहे. अनेकांची कर्मचारी राज्य विमा योजनेतील नोंदणी अपघातानंतरच झाल्याचेही या अहवालांनी दाखवून दिले आहे.

नुकसानभरपाईचे कोष्टकही बोलके आहे. १९२३ च्या भरपाई कायद्याच्या परिशिष्टात संपूर्ण अंगठा गमावल्यास कमाईची क्षमता ३० टक्के, तर्जनी गमावल्यास १४ टक्के, मधले बोट १२ टक्के आणि अनामिका किंवा करंगळी ७ टक्के घटल्याचे मानले जात होते. राज्य विमा योजनेत कायमच्या अपंगत्वाचा लाभ वेतनाच्या ९० टक्के दराने ठरतो. त्या हिशेबाने दरमहा १५,००० रुपये मिळवणाऱ्या कामगाराच्या तर्जनीपोटी दरमहा सुमारे १,९०० रुपये मिळतील. प्रत्यक्षात तर्जनी नसलेल्या प्रेस ऑपरेटरला पुन्हा त्याच कामावर घेणारे विरळाच. चिरडलेल्या बोटाच्या रक्तवाहिन्याही चेचलेल्या असल्याने धारदार पात्याने तुटलेल्या बोटाच्या तुलनेत ते पुन्हा जोडण्याच्या शस्त्रक्रियेला यश कमी येते.

नव्या संहितेतील कसोटी

१९४८ च्या कारखाना कायद्याच्या कलम २१ ने यंत्राच्या धोकादायक भागांभोवती भक्कम कुंपण असणे आणि ते सतत सुस्थितीत राखणे ही मालकाची जबाबदारी ठरवली होती. २१ नोव्हेंबर २०२५ पासून या कायद्याची जागा २०२० च्या व्यावसायिक सुरक्षा संहितेने घेतली. तीत विजेवर चालणारे आस्थापन ‘कारखाना’ ठरण्याची मर्यादा १० वरून २० कामगारांवर गेली आहे. दहा ते एकोणीस कामगारांची युनिट्स संहितेच्या सर्वसाधारण कक्षेत राहतात. मात्र ‘कारखाना’ या व्याख्येतून ती बाहेर पडतात. जुनी यंत्रे आणि कंत्राटी मजूर यांच्या बळावर चालणारे प्रेस शॉप बहुधा याच आकाराचे असते. निरीक्षकाची भूमिकाही आता ‘निरीक्षक तथा सुविधाकार’ अशी झाली आहे.

गोव्यासारख्या लहान राज्याला येथे एक सोय आहे. मोजक्या औद्योगिक वसाहतींतील पॉवर प्रेसची गणना करणे, प्रत्येकीचा क्लच कोणत्या प्रकारचा आहे आणि गार्ड आहे की नाही याची नोंद करणे, हे काम राज्याच्या कारखाने व बाष्पक निरीक्षणालयाच्या आवाक्याबाहेरचे नाही. ही यादी तयार झाल्यास गार्ड बसवण्यासाठी छोट्या उद्योजकाला अर्थसाहाय्य कोठे लागेल, हेही कळेल. मोठ्या कंपन्यांनीही सुटे भाग पुरवणाऱ्या युनिटकडून दर्जाच्या प्रमाणपत्राबरोबर गार्डच्या तपासणीची नोंद मागितली, तर सरकारी आदेशापेक्षा लवकर बदल दिसेल.

दरवर्षी ४ मार्चला राष्ट्रीय सुरक्षा दिन साजरा होतो, शपथा घेतल्या जातात, मोजे वाटले जातात. ते वाटप चालू राहावे. मात्र त्या दिवशी प्रत्येक कारखान्यातील एक तरी प्रेस बंद करून तिचा क्लच उघडून पाहिला जावा आणि ती तपासणी पुढे प्रत्येक पाळीची सवय व्हावी. पुढच्या अपघाताच्या चौकशीत पहिला प्रश्न मोज्यांचा न राहता गार्डचा असेल, तेव्हा कामगारांच्या बोटांची जबाबदारी योग्य ठिकाणी गेली, असे म्हणता येईल.