यादी सरळ, नाव अर्धे

ट्रेकला निघण्याच्या आदल्या दिवशी आमच्या हाउसची यादी एमआय रूममध्ये गेली. यादी सुंदर दिसत होती. नावे एका रेषेत, इयत्ता एका रेषेत, शेवटी औषधांच्या ॲलर्जीचा रकाना. नर्सिंग असिस्टंटनी दोन ओळींवर बोट ठेवले आणि विचारले, "इनमें से पेनिसिलिन वाला कौन है?" दोन्ही ओळींत नाव तेच आणि इयत्ता तीच. एकीपुढे पेनिसिलिन, दुसरीपुढे 'काही नाही'. ही यादी माझ्या प्रोग्रामने छापली होती, आणि यादीवरून मला उत्तर देता आले नाही. शेवटी पालकांनी भरलेले मूळ फॉर्म काढून पाहावे लागले.

चूक कुठे झाली ते सांगतो, कारण कॉम्प्युटर क्लबमध्ये सी शिकणारे आपण सगळेच ही चूक करू शकतो.

सी मधली स्ट्रिंग म्हणजे ओळीने मांडलेली अक्षरे आणि शेवटी शून्य किमतीची एक खूण. 'प्रिंटएफ'ला आपण '%एस' असे सांगितले की तो त्या खुणेपर्यंतची सगळी अक्षरे छापतो. मधे आकडा घालून '%२०एस' लिहिले, तर नावासाठी किमान वीस जागा ठेवल्या जातात. नाव लहान असेल, तर डावीकडे मोकळ्या जागा भरून ते उजवीकडे सरकवले जाते. '%-२०एस' लिहिले, तर नाव डावीकडे आणि मोकळ्या जागा उजवीकडे येतात. याद्यांसाठी हेच बरे. यातला 'किमान' हा शब्द महत्त्वाचा आहे. नाव चोवीस अक्षरांचे असेल, तर चोवीसच्या चोवीस अक्षरे छापली जातात. पुढचे रकाने सरकतात, ओळ वाकडी होते, पण नाव पूर्ण राहते.

आकड्याआधी टिंब दिले, की अर्थ उलटा होतो. '%.१२एस' म्हणजे जास्तीत जास्त बारा. तेरावे अक्षर छापलेच जात नाही. याला प्रिसिजन म्हणतात, म्हणजे अचूकता! अपूर्णांक छापताना टिंबानंतरचा आकडा दशांश स्थळे ठरवतो, तिथे हे नाव शोभते. स्ट्रिंगच्या बाबतीत मात्र ती कात्री आहे. ती आवाज करत नाही. कंपायलर इशारा देत नाही, प्रोग्राम थांबत नाही आणि छापलेल्या कागदावर कापल्याची खूण नसते.

माझ्या यादीत एका कॅडेटचे नाव फार लांब होते. त्याची ओळ बाहेर जायची आणि ते मला खुपायचे. म्हणून मी टिंब टाकून सगळी नावे बारावर कापली. पान आणखी मोकळे दिसावे म्हणून रोल नंबरचा रकानाही काढला. इंग्रजी स्पेलिंगमध्ये त्या दोघांचे पहिले नाव एकच आणि दहा अक्षरांचे. त्यानंतर एक मोकळी जागा, मग आडनावाचे एकच अक्षर. तेही दोघांचे सारखे निघाले.

माझे मत असे आहे की, माणसांच्या यादीत नाव कापण्यापेक्षा ओळ वाकडी राहिलेली बरी. वाकडी ओळ निदान सांगते की इथे काहीतरी मावलेले नाही. सरळ ओळ वाचणाऱ्याला वाटते, सगळे ठीक आहे. सी ने सुद्धा साध्या रुंदीला कापण्याचा अधिकार दिलेला नाही. कापायचे असेल तर टिंब आपल्या हाताने टाकावे लागते, म्हणून जबाबदारीही आपलीच असते.

माझा एक मित्र म्हणतो की नीटनेटकेपणा ही आपल्याकडे पहिली शिस्त आहे, आणि ज्याला एका मिनिटात साठ नावे तपासायची आहेत त्याला सरळ रकानेच हवेत. त्याचे म्हणणे अर्धे बरोबर आहे. वाकडीतिकडी यादी तपासतानाही नजर चुकते. पण ड्रिल स्क्वेअरवर रेषा कशी सरळ होते ते पाहा. 'दाहिने सज' म्हटल्यावर प्रत्येक जण पाय हलवून आपली जागा दुरुस्त करतो. उंच मुलांसाठी 'लंबा दाहिने, छोटा बाएँ' असे कदवार उभे केले जाते. रांग माणसांना पाहून लावतात. रांगेसाठी कुणाला कमी करत नाहीत.

प्रोग्राममध्येही तसे करता येते. आधी सगळी नावे वाचून 'स्ट्रलेन'ने सर्वांत लांब नाव शोधावे. मग रुंदीचा आकडा ठोकून न लिहिता '%-*एस' लिहावे. त्या चांदणीच्या जागी प्रोग्राम चालताना मोजलेली रुंदी देता येते. रकाना नावाच्या मापाचा होतो, रेषाही सरळ राहते. ओळखपत्रासारख्या ठिकाणी जागा खरोखरच कमी असेल, तर 'एसएनप्रिंटएफ' वापरावे. पूर्ण मजकूर किती अक्षरांचा झाला असता हे तो परत सांगतो. तो आकडा आपल्या जागेत मावणारा नसेल, तर काहीतरी कापले गेले हे कळते आणि तिथे खूण करता येते.

मराठी नावे छापणाऱ्यांनी तर आणखी जपावे. हा आकडा खरे म्हणजे अक्षरे मोजत नाही, बाइट मोजतो. युटीएफ-८ मध्ये देवनागरीचे प्रत्येक चिन्ह तीन बाइट घेते. 'पुणे' मध्ये प, उकार, ण आणि मात्रा अशी चार चिन्हे, म्हणजे बारा बाइट. '%.१०एस' ने ते छापले, तर 'पुण' उरते आणि मात्रेचा एक तुटका बाइट. आपल्याला दोन अक्षरी वाटणारा शब्दही दहात मावत नाही. मग कुणाचे पूर्ण नाव काय मावणार?

क्लबमध्ये उत्तरपत्रिका तपासताना आउटपुट नमुन्याबरहुकूम आहे का हे पाहिले जाते. ते योग्यच आहे. पण नमुन्यातली नावे नेहमी आखूड असतात. माझी विनंती आहे की, प्रत्येक सरावात एक फार लांब नाव आणि दोन सारखी सुरू होणारी नावे मुद्दाम घालावीत. ज्याचा प्रोग्राम तिथे नाव गाळेल त्याचे गुण कापावेत, मग त्याचे रकाने कितीही सरळ असोत.

नवी यादी मी त्याच रात्री छापली. पहिला रकाना रोल नंबरचा, दुसरा सर्वांत लांब नावाच्या मापाचा. त्यासाठी पान आडवे घ्यावे लागले. आडवे पान फाइलमध्ये नीट बसत नाही, त्याची कड बाहेर येते. पण त्या पानावर कोण कोणता, हे आता कुणाला विचारावे लागत नाही.