माल आपला, नुस्खा दुसऱ्याच्या कपाटात

पाचोरा परिसरात मोटार रिवाइंडिंगचे काम करणारे अनेक बंधू आमच्या परिचयाचे आहेत. उन्हाळ्यात विहिरीवरची मोटार जळाली की शेतकरी ती घेऊन त्यांच्या दुकानी येतो. जळालेली तार काढताना कारागीर कॉइलचे फेरे मोजतो, तारेचा गेज पाहतो, कोणती कॉइल कोणत्या स्लॉटमधून कोठे गेली ते टिपतो आणि हे सर्व वहीत लिहून ठेवतो. मोटार विकताना हा हिशेब गिऱ्हाइकाला कोणी देत नाही. कारागीर तो जळक्या तारेतून वाचून काढतो. वीस-पंचवीस वर्षांची अशी वही म्हणजे त्या दुकानाची खरी पुंजी असते. या कारागिराला आजवर कोणी चोर म्हटलेले नाही.

ही वही आठवण्याचे कारण जरा वेगळे आहे. जुन्या व्हिडिओ गेमचे शौकीन जगभर त्या खेळांचा सोर्स कोड शोधत फिरतात, बंद पडलेल्या कंपन्यांच्या जुन्या नोकरांना गाठतात आणि मालकांना पत्रे लिहितात. पोरखेळासाठी एवढी यातायात कशाला, असा प्रश्न आमच्या मनातही प्रथम आला होता. परंतु प्रकरण नीट पाहिले, तेव्हा तो आपल्या तिजारतीचा आणि हुनरचाही प्रश्न आहे, असे आमचे मत झाले.

सोर्स कोड म्हणजे काय, ते थोडक्यात सांगतो. प्रोग्राम लिहिणारा प्रथम माणसाला वाचता येतील अशा ओळी लिहितो. त्यांचे यंत्राला कळणाऱ्या आकड्यांत रूपांतर होते आणि गिऱ्हाइकाला सहसा हे आकडेच मिळतात. शिंपी सदरा विकतो आणि कागदी कटिंग स्वतःकडे ठेवतो, तसाच हा प्रकार. सदरा उसवून कटिंग काढता येते, नाही असे नाही. पण कोठे किती माया सोडली होती आणि का, हे शिवणाऱ्यालाच ठाऊक असते.

नव्वदच्या दशकात ज्यांनी संगणक क्लास पाहिले, त्यांना ‘प्रिन्स ऑफ पर्शिया’ हा खेळ आठवेल. तळघरातून धावणारा शहजादा आणि दुष्ट वजीर. अमेरिकेतील जॉर्डन मेकनर या तरुणाने काही वर्षे एकट्याने खपून तो लिहिला आणि १९८९ साली तो बाजारात आला. शहजादाची चाल हुबेहूब वाटावी म्हणून त्याने आपल्या धाकट्या भावाला पळायला, उड्या मारायला लावून चित्रण केले होते. खेळाचे संगीत वडिलांचे. पुढे हा खेळ अनेक जातींच्या यंत्रांवर गेला, पण मूळ कोड खुद्द मेकनरलाही सापडेना. २०१२ साली वडिलांच्या घरी एका खोक्यात जुन्या फ्लॉप्या निघाल्या. जुनी यंत्रे सांभाळणाऱ्या जाणकारांनी त्या काळजीपूर्वक वाचल्या आणि मेकनरने तो कोड सर्वांसाठी खुला केला. वीस-बावीस वर्षे खोके कोणी भंगारात दिले नाही म्हणून हे घडले. ज्याने स्वतः लिहिले त्याची ही गत, तर कंपनीच्या कपाटात पडलेल्या मालाचे काय होत असेल याचा विचार करावा.

‘डूम’ या खेळाच्या मालकांनी मात्र आपण होऊन कोड दिला. खेळ १९९३ सालचा, कोड दिला डिसेंबर १९९७ मध्ये. देतानाही एक अडचण आलीच. खेळातील आवाजाचा भाग दुसऱ्याकडून परवान्यावर घेतलेला होता, तो यांना वाटता येईना. म्हणून तो भाग नसलेली लिनक्सवरची आवृत्ती द्यावी लागली. कोड हाती येताच जगभरच्या जाणकारांनी तो खेळ नव्या नव्या यंत्रांवर चालवून दाखवला. खेळाचा धंदा यामुळे बुडाला नाही. २०२० साली ‘कमांड अँड काँकर’ या जुन्या युद्धखेळाच्या मालक कंपनीने नवी आवृत्ती विक्रीला काढतानाच जुन्या दोन खेळांचा कोड मोकळा केला. आम्हाला हा व्यापार शहाणपणाचा वाटतो.

आता एक कडू गोष्ट. नव्वदच्या दशकात गावोगावी व्हिडिओ गेमची दुकाने निघाली. एक टी.व्ही., एक यंत्र, चार-दोन कॅसेट आणि बाहेर पोरांची रांग. वडीलधाऱ्यांना ती पसंत नव्हती, खरे सांगायचे तर आम्हालाही नव्हती. पण आपल्यातील बऱ्याच तरुणांना त्यातून रोजगार मिळाला आणि यंत्रे उघडून दुरुस्त करण्याचा हातही बसला. त्या कॅसेटपैकी पुष्कळशा नकली असत. एका कॅसेटमध्ये शेकडो खेळ असल्याचे वर लिहिलेले असे, आत तेच पाच-दहा खेळ फिरून फिरून येत. दुसऱ्याच्या मेहनतीची नक्कल करून विकणे ही कमाई आम्ही योग्य मानत नाही. चोरून बाहेर काढलेला कोड वापरणाऱ्या शौकिनांची बाजूही आम्ही घेणार नाही. मात्र विकत घेतलेली वस्तू उघडून तिची चाल समजून घेणे हे रिवाइंडरचे काम आहे. ‘सुपर मारिओ ६४’ या १९९६ च्या खेळाचे आकडे उलट वाचून शौकिनांनी २०१९ पर्यंत त्याचा कोड नव्याने लिहून काढला. पुढे त्यावरून केलेल्या संगणकावरच्या खेळावर निन्टेंडो कंपनीने हरकत घेतली, हेही सांगितले पाहिजे. वाचणे आणि वाटणे यांत कायदा फरक करतो.

आपल्याकडे १९५७ च्या कॉपीराइट कायद्याच्या कलम ५२ मध्ये १९९४ व १९९९ साली दुरुस्त्या झाल्या. रीतसर घेतलेल्या प्रोग्रामची जपणुकीसाठी प्रत काढता येते. तो कसा चालतो याचे निरीक्षण करता येते. दुसरा प्रोग्राम त्याच्याशी जोडायचा असेल आणि लागणारी माहिती सहज मिळत नसेल, तर ती काढूनही घेता येते. पण विकणाऱ्याने सोर्स कोड दिलाच पाहिजे, असे हा कायदा कोठेही म्हणत नाही. हक्काची मुदत लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षे. फ्लॉपी तेवढी टिकत नाही.

खेळाचे राहू द्या, दुकानाचे पाहू. आमच्या माहितीतील एका व्यापाऱ्याने फॉक्सप्रोमध्ये हिशेबाचा प्रोग्राम करून घेतला होता. आडत, हमाली, तोलाई, उधारी, सगळे त्यात बसवलेले. १ जुलै २०१७ ला जीएसटी आला. बिलात दोन ओळी वाढवायच्या होत्या. करून देणारा गाव सोडून गेलेला, कोड त्याच्याबरोबर गेला. फॉक्सप्रोची शेवटची आवृत्ती २००४ ची आणि मायक्रोसॉफ्टने तिचा आधारही २०१५ साली काढून घेतलेला. बारा वर्षांच्या खातेउताऱ्यांची कागदावर छपाई करून नव्या प्रोग्राममध्ये हाताने भरणा करावा लागला. त्यात काही उधाऱ्या निसटल्या, त्या निसटल्याच. छापखानेवाल्यांनाही हे सांगायला नको. निकाहची पत्रिका असो की दुकानाचा जाहीरनामा, जुन्या फॉन्टमध्ये जुळवलेला मजकूर दुसऱ्या फॉन्टमध्ये उघडला की गिचमिड दिसते. कोणत्या आकड्याला कोणते अक्षर, याचे तक्ते शौकिनांनीच जुळवले, तेव्हा कोठे जुना मजकूर युनिकोडमध्ये येऊ लागला.

कुरआन शरीफमधील सर्वांत मोठी आयत, सूरह बकराची २८२ वी, मुदतीच्या देण्याघेण्याची लिखापढी करण्याविषयी आहे, हे आमच्या वाचकांना माहीत आहे. मग हजारो रुपयांचा प्रोग्राम तोंडी बोलीवर का घ्यावा? प्रोग्राम करून घेताना कागदावर लिहून घ्यावे की आपला हिशेब साध्या तक्त्यात केव्हाही बाहेर काढता आला पाहिजे आणि काम करून देणाऱ्याने धंदा सोडला किंवा ठरल्या मुदतीत दुरुस्ती केली नाही, तर कोड आपल्याला मिळेल.

यावर प्रोग्राम करणारी आपलीच मुले म्हणतात की कोड दिला तर उद्या दुसरा येऊन आमचे काम नेईल. ही भीती खोटी नाही. ज्याच्याकडून फुकट दुरुस्तीची अपेक्षा ठेवली जाते, तो कोड दाबून ठेवणारच. त्याला त्याच्या मेहनतीचा दाम द्या आणि कोडची प्रत सीलबंद करून दोघांच्या भरवशाच्या तिसऱ्या माणसाकडे अमानत ठेवा. मोठ्या शहरांतील कंपन्या असा करार नेहमी करतात. कोड अमानतदाराकडे ठेवला म्हणजे तो गिऱ्हाइकाच्या मालकीचा झाला, असे नाही; अट मोडली तरच पाकीट उघडायचे.

ही सवय आता लावली नाही तर पुढे अवघड आहे. ‘द क्रू’ नावाच्या मोटारींच्या खेळाचे सर्व्हर कंपनीने ३१ मार्च २०२४ ला बंद केले आणि पैसे मोजून घेतलेला खेळ लोकांच्या हातात निर्जीव झाला. त्यावरून युरोपात चळवळ उठली आणि जुलै २०२५ पर्यंत तिच्या मागणीवर दहा लाखांहून अधिक सह्या झाल्या. वार्षिक भाडे भरून दूरच्या सर्व्हरवर बिले बनवणारा दुकानदार त्याच रांगेत उभा आहे.

भंगाराच्या धंद्यातील बंधूंना एक विनंती. तुमच्याकडे येणाऱ्या हार्ड डिस्कमध्ये कोणाचा हिशेब, कोणाच्या घरचे फोटो असतात. ती परक्याची अमानत आहे, चाळत बसू नये. पण जुन्या व्हिडिओ गेमचे बोर्ड, फ्लॉप्यांचे खोके किंवा हाताने लिहिलेली चिठ्ठी लावलेली चिप आली, तर ती किलोच्या भावात तोडण्यापूर्वी एखाद्या जाणकाराला दाखवावी. जुन्या खेळांचे शौकीन अशा वस्तूंच्या शोधात असतात. आणि चिपवरची चिठ्ठी खरडून काढू नये. काही जुन्या चिपांना वर काचेची खिडकी असते, तिच्यातून ऊन लागत राहिले की आतले लिहिलेले हळूहळू पुसले जाते. ती चिठ्ठी त्यासाठीच लावलेली असते.